उजनीच्या पोटातलं गाव आणि मोबाईलमधली पृथ्वी

उजनी धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापरायचं पाणी संपून नुसता मृतसाठा उरला, की पुणे-सोलापूर हायवेवरच्या पळसदेवला गर्दी सुरू होते, कारण भीमेच्या पात्रातलं पळसनाथाचं जुनं मंदिर पाण्यातून वर यायला लागतं. धरण 1980 साली झालं आणि जुनं पळसदेव त्यात गेलं, गाव उठून वर हायवेकडे आलं, देवही वरच्या नव्या मंदिरात आला, पण जुनी इमारत अजून तिथंच उभी आहे. पाणी किती उतरतं त्यावर कधी नुसतं शिखर दिसतं, कधी बऱ्यापैकी सगळं मंदिर. भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाणारे या गावावरनं जात नाहीत, ते अलीकडेच वळतात, त्यामुळे बऱ्याच पुणेकरांना हे माहीतच नसतं.

मला तिथं नुसतं फोटो काढायला जायचं नव्हतं. गाव कसं होतं, रस्ते कुठून जायचे, वेस कुठं असेल, हे बघायचं होतं आणि त्यासाठी गूगल अर्थसारखं दुसरं साधन नाही असं माझं स्पष्ट मत आहे. लोक अजून ते आपल्या घराचं छप्पर शोधायलाच वापरतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. त्यातली जुन्या सॅटेलाईट फोटोंची सोय 2009 पासून कॉम्प्युटरवर होती, पण 2024 मध्ये ती ब्राउझरवर आणि मोबाईलवर पण आली आणि तिथनं सगळं बदललं. वेगवेगळ्या तारखांचे फोटो एकामागोमाग एक सरकवत जायचे. पावसाळ्यानंतरचा फोटो लावला तर पळसदेवच्या उत्तरेला थेट करमाळ्याच्या काठापर्यंत नुसतं पाणी, आणि दुष्काळी वर्षातला उन्हाळ्याचा लावला की त्याच जागी चिखलाचा पट्टा, बांधांच्या रेषा, मधूनच चौकोनी ठिपके, म्हणजे जोती! मी रात्री जेवणं झाल्यावर बसले ती दीड वाजेपर्यंत त्या रेषाच गिरवत होते. प्रत्येक रेषा सेव्ह करायची, त्याचं एक प्रोजेक्ट होतं आणि तेच मोबाईलवर उघडतं.

आता धरणाच्या आधीचं काय? टाईमलॅप्स आहे, म्हणजे वर्षावर्षाचे फोटो सिनेमासारखे पळवून दाखवणारी सोय, 2021 मध्ये अर्थमध्ये आली, पण ती 1984 पासून सुरू होते, म्हणजे तोवर उजनी भरून गेलेलं. इथं डेस्कटॉपवरचं गूगल अर्थ प्रो कामाला येतं, ते 2015 पासून फुकट आहे. त्यात इमेज ओव्हरले म्हणून सोय आहे. अमेरिकन लष्कराने 1950 च्या दशकात भारताचे अडीच लाखाला एक स्केलचे नकाशे छापले होते, ते टेक्सास विद्यापीठाच्या साईटवर स्कॅन केलेले मिळतात. तो नकाशा अर्थवर पसरायचा, कोपरे ओढून नदीची वळणं, रेल्वे वगैरे जुळवायची आणि मग पारदर्शक करत न्यायचा. खालून आजचं धरण हळूहळू वर येतं आणि त्यात भीमेचं जुनं बारीक पात्र दिसतं. डिकसळजवळ तर 1860 च्या सुमाराला झालेल्या पुणे-सोलापूर रेल्वेची जुनी लाईन पाण्यात शिरताना दिसते, धरणामुळे नंतर ती हलवली. मी भावाला उठवून दाखवलं ते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. अर्थवरचा फोटो स्पष्ट असतो पण ताजा असेलच असं नाही, स्क्रीनवर तारीख असते ती बघायचीच. आज पाणी कुठवर आहे हे कळायला कोपर्निकस या युरोपच्या उपग्रह कार्यक्रमाच्या ब्राउझरवर त्यांच्या सेंटिनेल-2 उपग्रहांचे फोटो बघायचे. दर पाचेक दिवसांनी नवा फोटो येतो, दहा मीटरचा एक ठिपका, म्हणजे मंदिर ओळखू येत नाही पण काठ बरोब्बर कळतो, आणि इन्फ्रारेडवाला पर्याय निवडला तर पाणी काळंकुट्ट आणि जमीन वेगळी उठून दिसते. आम्ही त्यावरूनच तारीख ठरवली.

भाऊ आणि मी पळसदेवला सकाळी लवकर पोचलो. होडीवाल्या दादांनी थोडं अंतर होडीतून नेलं आणि पुढं भेगाळलेल्या गाळातून चालत. मंदिर समोर आलं आणि दोघंही गप्प. खाली काळा दगड, वर विटांचं शिखर, वर्षातले किती महिने पाण्यात राहून पण उभं! जवळ वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, पडलेले, एकावर घोडेस्वार अजून स्वच्छ दिसतो, त्याच्या लगामाची रेघ बोटाला लागते.

मग प्रोजेक्ट उघडलं. निळा ठिपका म्हणजे मी, आणि माझ्या डाव्या हाताला मी गिरवलेली रेषा. बघते तर खरंच दगडांची ओळ, गुडघ्याएवढी पण नाही, गाळात अर्धी बुडलेली, मोबाईलमधल्या रेषेच्या अगदी जवळनं चाललेली. तिच्या कडेनं चालत गेलो तर पुढं एक पायरी लागली. अक्षरशः अंगावर काटा आला.

तिथं एक आजी नातवाबरोबर आलेल्या. काय बघताय ताई म्हणून विचारलं, मी स्क्रीन दाखवली. आधी त्यांना काहीच कळेना, मग मी नकाशाची उत्तर दिशा वर न ठेवता त्या उभ्या होत्या तशी स्क्रीन फिरवून धरली, तर एकदम म्हणाल्या, "आगं हा तर वढ्याकडचा रस्ता, हितनं आम्ही धुणं घिऊन जायचो." मग बोट ठेवून एकेक सांगायला लागल्या, हितं तालीम, हितं सुताराचं घर, हितं चिंच. नातू पहिल्यांदाच ऐकत होता हे सगळं. मी प्रत्येक जागी पिन टाकून त्यांनी सांगितलेलं नाव लिहीत गेले, त्यांनी दोनदा एक पिन सरकवायला लावली, "तिकडं न्हाई, अजून नदीकडं."

तुम्ही जाणार असाल तर रेंजच्या भरवशावर राहू नका. अर्थला नेट लागतं, म्हणून प्रोजेक्टची केएमएल फाईल (रेषा आणि पिना साठवणारी) करून ऑसमअँडसारख्या ऑफलाईन नकाशाच्या ॲपमध्ये टाकून न्या. ओल्या गाळात पाय घालू नका, वरनं कडक दिसतो पण कंबरेएवढा खचतो. आणि वीरगळ हलवू नका, तो जिथं आहे ती जागा पण माहितीच आहे.

घरी आल्यावर प्रोजेक्टची लिंक त्या नातवाला पाठवली, एडिटिंग चालू ठेवून. त्याने ती गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, आणि आता हडपसर, बारामती, सोलापूर जिथं जिथं पळसदेवची माणसं आहेत तिथनं पिना पडतायत. काल कुणीतरी आजींच्या चिंचेशेजारी विहीर टाकली आणि दुसऱ्याने ती ओढ्यापलीकडे नेली, त्यावर ग्रुपवर अजून चर्चा चालू आहे.