जिप्सम सीलिंगला जड झुंबर टांगताना

जिप्समच्या फॉल्स सीलिंगखाली जड झुंबर लावायचं असेल तर एक गोष्ट आधी पक्की करा: त्याचं वजन बोर्डावर येता कामा नये, आणि बोर्ड ज्या पत्र्याच्या फ्रेमवर मारलाय तिच्यावरही नाही. भार थेट वरच्या स्लॅबवर जायला हवा.

बोर्ड असतो साधारण 12.5 मिमी जाडीचा. आतला जिप्सम ठिसूळ, ताकद काय ती दोन्ही बाजूंच्या कागदात. हा बोर्ड 25 मिमीच्या स्क्रूंनी, दर 230 मिमीच्या आसपास एक, अशा हिशोबाने फ्रेमवर बसवलेला असतो. फ्रेमचे सीलिंग सेक्शन जेमतेम अर्धा मिमी जाड पत्र्याचे, 18 इंचांवर एक; ते चार-चार फुटांवरच्या इंटरमीडिएट चॅनलला आणि चॅनल पट्ट्यांनी स्लॅबला लटकवलेले. हा सगळा सांगाडा बोर्डाचं स्वतःचं वजन पेलण्यासाठी आहे. बटरफ्लाय अँकरच्या (बोर्डामागे पंख उघडून अडकणाऱ्या खिट्टीच्या) पाकिटावर 25-30 किलोचा आकडा छापलेला दिसतो, पण तो बहुतेकदा भिंतीसाठी असतो, आणि अनेकदा अँकर उखडेपर्यंतचा असतो. भिंतीवर भार खाली घसरतो, छताला तो सरळ बाहेर ओढतो, तेही दिवसरात्र. दमट हवेत जिप्सम आणखी मऊ पडतो. आधी कॅनोपीभोवती (छताला टेकणाऱ्या झुंबराच्या वाटीभोवती) केसाएवढी गोल भेग दिसते, मग बोर्ड किंचित पोटात आल्यासारखा वाटतो, आणि मग एकदम सगळं खाली. दोन-अडीच किलोंचा दिवा बोर्डाला ठीक. त्यापुढे नाही, कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी.

झुंबराचं वजन खोक्यावरच्या आकड्यावरून ठरवू नका. वजनकाट्यावर आधी स्वतः उभं राहायचं, मग झुंबर हातात घेऊन. फरक लिहून घ्यायचा. लोलक, बल्ब, साखळी आणि कॅनोपी यात धरायचेच. लोलक वेगळ्या पाकिटात येतात म्हणून हमखास विसरतात आणि तेच भरतात जास्त. जे वजन येईल त्याच्या चौपट भार सोसेल असा आधार लागतो.

स्लॅबमध्ये ओततानाच बसवलेला पंख्याचा हूक नेमका त्या जागी असेल तर तोच वापरा. त्याची सळई स्लॅबच्या लोखंडात अडकवलेली असते, नंतर मारलेल्या कुठल्याही फास्टनरपेक्षा भरवशाची. फक्त गंज पाहून घ्या. ब्रशने घासल्यावर पापुद्रे सुटून सळई बारीक झालेली दिसली तर तो हूक बाद.

हूक नसेल तर अँकर फास्टनर. 10-15 किलोंच्या झुंबराला एम-8 (8 मिमी सळईचा) ड्रॉप-इन अँकर, म्हणजे भोकात घालून आतून फुगवायची आटेवाली नळी, साधारणपणे पुरतो: भोक 10 मिमी, खोली 30 मिमी. एम-10 ला 12 मिमीचं भोक, 40 मिमी खोल. इथे सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे खोली प्लास्टरपासून मोजणं. स्लॅबच्या पोटाला 6 ते 12 मिमी प्लास्टर असलं तर 30 मिमीतला तिसरा हिस्सा प्लास्टरमध्येच जातो आणि अँकर अर्धवट धरतो. खोली काँक्रीटपासून मोजा. ड्रिल प्लास्टरमधून काँक्रीटमध्ये शिरताना आवाज आणि भुकटीचा रंग दोन्ही बदलतात. भोक झालं की पंपाने फुंकून, ब्रश फिरवून, पुन्हा फुंकून धूळ काढायची. धूळ राहिली तर अँकर फुगूनही घसरतो. मग सेटिंग पंच आत घालून हातोडा मारायचा, पंचाची कड अँकरच्या तोंडाला टेकेपर्यंत. त्याआधी थांबलात तर नळी फुगवणारा आतला शंकू अर्ध्यावरच राहतो, आणि बाहेरून पाहून ते कळत नाही.

ड्रिल सळईवर आदळलं तर जोर लावत बसू नका, भोक दोन-तीन इंच सरकवा. जुन्या फॅन बॉक्सच्या आजूबाजूला वीतभर अंतर सोडा, कारण वायरिंगचे पाइप तिथेच येऊन मिळतात. पोस्ट-टेन्शन स्लॅब असेल तर आतल्या ताणलेल्या केबल कुठे आहेत हे स्कॅन केल्याशिवाय एकही भोक नको. आणि डोक्यावरच्या कायमच्या भारासाठी पटकन सुकणारा केमिकल अँकर (भोकात इपॉक्सीसारखा गोंद भरून चिकटवलेली सळई) वापरू नका. 2006 मध्ये बॉस्टनच्या एका बोगद्याचे काँक्रीटचे छत-पॅनल खाली येऊन एक जीव गेला. तपासात निघालं ते हेच, झटपट सुकणाऱ्या इपॉक्सीने सततच्या ताणाखाली हळूहळू पकड सोडली होती.

हे सगळं करायला बोर्डात साधारण एक फूट चौरस कापा. कॅनोपीखाली झाकेल एवढ्याच भोकातून काम उरकायचा मोह होतो, पण लांब बिट घातला तरी पंच सरळ बसत नाही. कापण्याआधी लोहचुंबक फिरवून स्क्रू शोधा, म्हणजे सेक्शन कुठून जातो ते कळतं. सेक्शन कापायचा नाही. काम झालं की तोच तुकडा मागे सेक्शनचे दोन तुकडे आडवे मारून परत बसवायचा. सांध्यावर पेपर टेप आणि कंपाउंडचे दोन-तीन हात, प्रत्येक हात पूर्ण सुकू देऊन.

अँकरमध्ये एम-8 ची आटेवाली सळई आणि वर स्लॅबला टेकवून लॉकनट. हा नट हवाच. झुंबर पुसताना लोक ते गोल फिरवतात, आणि नट नसेल तर दर सफाईला सळई अँकरमधून थोडी थोडी सुटत जाते. खालच्या टोकाला बंद कडीचा आय-नट, त्यालाही लॉकनट. उघडा हूक नको. बोर्डातलं भोक सळईपेक्षा चांगलं मोठं ठेवा, 25 मिमी तरी, म्हणजे झुंबर हललं तरी कड फुटत नाही. बोर्डाच्या वर-खाली नट आवळून सळई ‘घट्ट’ करू नका, भार पुन्हा बोर्डावर येतो. कॅनोपी नुसती टेकलेली असावी. पोकळी फूटभराहून जास्त असेल तर एकटी सळई डुलते. तिथे दोन सळया आणि त्यांना जोडणारा आडवा चॅनल बरा. वीस किलोंच्या पुढे दुसरा, वेगळा अँकर मारून त्यापासून झुंबरापर्यंत 3 मिमीची तारदोरी सैल बांधून ठेवा, दोन्ही टोकांना दोन-दोन क्लिप.

वायरिंग थोडक्यात. बटण बंद करणं पुरेसं नाही, एमसीबी पाडा आणि टेस्टरने तपासा. बटण न्यूट्रलवर जोडलेलं असेल तर बंद असतानाही होल्डरमध्ये करंट असतो. फेज बटणातून, धातूच्या बॉडीला अर्थिंग, जोड कनेक्टरमध्ये. वायर साखळीतून सैल ओवायची, तिच्यावर गुंजभरही ओढ नको.

झुंबर चढवण्याआधी आय-नटला दुप्पट वजन टांगून रात्रभर ठेवा. पाण्याने भरलेला वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो, हिशोब सोपा. खाली कोणी उभं राहू नये. सळईवर स्लॅबच्या पातळीला मार्करने रेघ मारून ठेवा. सकाळी ती मिलिमीटरभर जरी खाली दिसली तरी तो अँकर सोडून दुसरीकडे नवा मारायचा.

वर स्लॅबच नाही, लाकडी वासे आहेत, तिथे दोन वाशांमध्ये अडकवायचा पंख्यासाठीचा लोखंडी ब्रेस मिळतो. तो 16 ते 24 इंच अंतरात बसतो आणि बोर्डाच्या भोकातूनच फिरवून घट्ट करता येतो. माळ्यावरून जाता येत असेल तर दोन वाशांत लाकडाचा आडवा ठोकळा स्क्रूने बसवणं अधिक चांगलं. अमेरिकेच्या विद्युत नियमावलीत साध्या जंक्शन बॉक्सवर 50 पाउंडांपर्यंतच, म्हणजे साधारण 23 किलो, दिवा टांगायची मुभा आहे. त्यापुढे बॉक्स तेवढ्या भारासाठी प्रमाणित हवा, नाहीतर वेगळा आधार. ब्रेस घेताना त्यावरचा भाराचा आकडा पाहा आणि तो पंख्यासाठी आहे की दिव्यासाठी हेही वाचा, दोन्ही आकडे वेगवेगळे असतात.