डॉबीसाठी खणलेला खड्डा

मंगळवार, रात्री साडेअकरा

या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची असल्यामुळे हरभऱ्यावर स्प्रिंकलर लावून मी वावरातल्या खोपडीत बसलो आहे. पाइप पुढच्या पट्ट्यात हलवायला अजून दोन तास आहेत आणि काल संध्याकाळपासून पुतणीचा एक प्रश्न डोक्यातून जात नाही.

हॅरी पॉटरवरची माझी फॅन फिक्शन, म्हणजे मूळ पुस्तकांतली पात्रे घेऊन चाहत्याने लिहिलेली कथा, गेले चार महिने एका दोनशेपानी वहीत चालू आहे आणि आठवीतली पुतणी तिची एकमेव वाचक आहे. सातव्या भागात दुष्ट जादूगारीण बेलाट्रिक्सने फेकलेली सुरी लागून हॅरीला जीव लावणारा डॉबी हा घरगडी-एल्फ (जादूगारांच्या घरी राबणारा छोटा जीव) मरतो आणि हॅरी समुद्रकाठी त्याच्यासाठी खड्डा खणतो; माझ्या कथेत मी ती सुरी चुकवली आणि त्याला जिवंत ठेवले. पुतणी आनंदेल असे मला वाटले होते. तिने पान वाचले, थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "काका, मंग हॅरीनं खड्डा कोनासाठी खंदला?"

मूळ कथेला, ज्याला चाहते कॅनन म्हणतात, किती धक्का लावायचा याचा मी आजवर फार विचार केला नव्हता. आज मूळ प्रकरण पुन्हा वाचले, तेव्हा त्या खड्ड्यात किती गोष्टी आहेत हे लक्षात आले. जादूने क्षणात होणारे काम हॅरी मुद्दाम फावड्याने, घाम गाळून करतो. त्या दुःखामुळेच त्याचा शत्रू व्होल्डेमॉर्टचे मन त्याच्या मनात शिरू शकत नाही, आणि खणता खणताच तो ठरवतो की अजिंक्य मानल्या जाणाऱ्या जादूच्या कांडीच्या मागे न धावता होरक्रक्सच, म्हणजे व्होल्डेमॉर्टने आपल्या आत्म्याचे तुकडे लपवलेल्या वस्तूच, शोधायचे. मग त्याचे मित्र रॉन आणि डीन फावडी घेऊन येतात, रॉन स्वतःचे बूट आणि मोजे काढून डॉबीच्या पायांत घालतो, मैत्रीण ल्यूना डॉबीचे डोळे मिटवते. दुसऱ्या भागात ज्याला एका मोज्यामुळे गुलामीतून सुटका मिळाली, त्याला शेवटी मोजे घालूनच निरोप दिला जातो. सुरी चुकवून मी एक जीव वाचवला खरा, पण हॅरीचा निर्णय आणि रॉनचे मोजे दोन्ही घालवले.

आमचा म्हातारा बैल गेला तेव्हा गावात जेसीबी उभा होता आणि शेजाऱ्याने तो पाठवतो असेही म्हटले होते. वडिलांनी नकार दिला आणि सब्बल-फावडे घेऊन धुऱ्याजवळ दुपारपर्यंत एकट्याने खड्डा खणला. मी फावडे मागितले, तेव्हा त्यांनी ते बऱ्याच वेळाने दिले. पुतणी तेव्हा लहान होती, पण ती बांधावर उभी होती. तिचा प्रश्न तिथून आला असावा, असे मला आज वाटते.

फॅन फिक्शनमध्ये लग्ने बदलावीत, जादूच्या शाळेतली घरे (विद्यार्थ्यांचे गट) बदलावीत, हॅरीला त्याला नको असलेल्या स्लिदरिन घरातही टाकावे. चाहते ते आनंदाने वाचतात आणि मीही वाचतो. पण पाचव्या भागात हॅरीचा वर्गमित्र नेव्हिलची आजारी आई त्याच्या हातात च्युइंगमचे रिकामे वेष्टन ठेवते, आजी ते फेकून दे म्हणते आणि तो गुपचूप खिशात घालतो, एवढा प्रसंग कोणी काढला तर त्या कथेतला नेव्हिल मला ओळखू येणार नाही. लढाईच्या पानांबद्दल मला असे कधी वाटले नाही.

त्यामुळे आज रात्री डॉबीला वाचवणारी ती अकरा पाने मी वहीतून काढली आहेत. डॉबीला पुन्हा मरू देताना हात जड झाला. माझ्या कथेत त्या किनाऱ्यावर रॉन नाही, तो दुसऱ्याच गावी अडकला आहे. तेव्हा मोजे कोणी काढायचे, हे अजून ठरलेले नाही. उद्या पुतणीलाच विचारतो.