मेसेज उशिरा का येतात?

अँड्रॉइड ६ पासून फोनमध्ये ‘डोझ’ नावाची बॅटरी वाचवणारी सोय आहे. स्क्रीन बंद, चार्जर काढलेला आणि फोन टेबलावर तसाच पडून असला की अ‍ॅपचं नेट तोडलं जातं. मधूनमधून थोडा वेळ नेटसाठी खिडकी उघडते, आणि दोन खिडक्यांमधलं अंतर वाढत जातं. म्हणून रात्रीचा मेल कधीकधी सकाळी फोन उचलल्यावरच धडकतो.

एखादं अ‍ॅप खरंच महत्त्वाचं असेल, तर सेटिंग्ज, अ‍ॅप्स, ते अ‍ॅप, बॅटरी इथे जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. सगळ्यांना मात्र ही मोकळीक देऊ नका, बॅटरी झपाट्याने उतरेल.

आणि त्याच सेटिंग्जमधलं, अ‍ॅप सक्तीने बंद करणारं ‘फोर्स स्टॉप’ बटण जपून! ते दाबलं की अ‍ॅप पुन्हा हाताने उघडेपर्यंत त्याची नोटिफिकेशन्स येतच नाहीत.