शोनब्रुनमधला मुघल दरबार

व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात १,४४१ खोल्या. त्यातल्या चाळीसेकच पाहायला मिळतात, आणि छोटं तिकीट काढलं तर त्याहूनही कमी. आपल्याकडून गेलेल्यांनी ‘मिलियोनेनत्सिमर’ म्हणजे ‘लाखांची खोली’ चुकवू नये असं मी आग्रहाने सांगेन, म्हणून तिकीट काढताना ती फेरीत आहे ना ते बघून घ्या.

कार्ल्सप्लात्झहून यू-४ मेट्रोने शोनब्रुन स्टेशनवर उतरायचं. पुढचं हीत्सिंग स्टेशन प्राणिसंग्रहालयाला सोयीचं. तिकिटावर आत जाण्याची वेळ छापलेली असते. मोठी पाठपिशवी आत नेता येत नाही, ती ठेवायला लागणारा वेळ धरून निघा.

मोठ्या तिकिटाची फेरी ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफ याच्या खोल्यांपासून सुरू होते. त्याची साधी लोखंडी खाट बघाच, पण तिथेच अर्धा तास घालवू नका. खोल्यांच्या कोपऱ्यांतल्या पांढऱ्या-सोनेरी शेगड्यांना लाकूड घालायचं तोंड दिसत नाही. नोकर मागच्या बोळातून लाकूड सारत, म्हणजे धूर-राख दालनात येत नसे. आरसे दालनात, असं मानतात, सहा वर्षांच्या मोत्सार्टने १७६२ मध्ये सम्राज्ञी मारिया तेरेसापुढे वाजवलं. मग चाळीस मीटरहून लांब मोठं दालन लागतं. बहुतेकांचे पाय इथेच थकतात, आणि लाखांची खोली तर शेवटाकडे आहे.

तिच्या भिंती शिसवी लाकडाने मढवलेल्या. त्यात सोनेरी वेलबुट्टीच्या ६० वेड्यावाकड्या चौकटी, आणि प्रत्येकीत मुघल बादशहांच्या काळातली भारतीय लघुचित्रं! चौकटी वाकड्या, चित्रं चौकोनी. ती बसावीत म्हणून राजघराण्यातल्याच मंडळींनी मूळ चित्रं कातरली आणि तुकडे जुळवून नवी चित्रं केली. लांबून ही नुसती नक्षी वाटते. एकच चौकट निवडा आणि तिच्या कडेकडेने नजर फिरवा, म्हणजे कातरकाम कळू लागतं. एवढ्या बारीक कुंचल्याच्या कामावर कात्री चालली याची हळहळ वाटते, पण त्यामुळेच ती इथे भिंतीवर टिकली हेही खरं. डच चित्रकार रेम्ब्रांटने झाडाखाली बसलेल्या चार मौलवींचं रेखाटन एका मुघल चित्रावरून केलं होतं. ते मूळ चित्र याच भिंतीत आहे.

बागेला तिकीट नाही. १७७५ चा ग्लोरिएट, म्हणजे बागेतली कमानींची वास्तू, मात्र टेकडीवर आहे. ती चढण राजवाडा पाहून झाल्यावरच चढा.