आमची वाटचाल: आधी भिंत, मग पॅनल

पंखे आणि मोटरी भरायचं, म्हणजे जळलेली वाइंडिंग नव्यानं करायचं दुकान ते शाळांच्या इमारती, एवढा आमचा पल्ला. बरी गेलेली वर्षं सोडून देतो. सांगायचं आहे ते अमळनेर तालुक्यातल्या त्या जुन्या शाळेचं, जिच्यापायी दुकानाला कुलूप लागायची वेळ आली होती.

पहिलं टेंडर आमच्या हातून गेलं. ज्यांनी घेतलं त्यांनी मंगलोरी कौलं उतरवून पत्रा ठोकला, चुन्यातल्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला आणि पाखरं येतात म्हणून वरच्या झरोक्यांना प्लायवूड मारलं. दोन पावसाळ्यांत पोपडे निघाले. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते. सिमेंटनं तिचं तोंड बंद केलं की आतल्या आत लोणा, म्हणजे क्षार धरतो. पारा 44 वर गेला की त्या पत्र्याखाली बसून बघा. वर्ग तापतात अशी ओरड झाली, तर हेच महाशय 10 किलोवॅट सोलरचं कोटेशन घेऊन हजर!

संस्थेचे जुने सेक्रेटरी, आमचे नाना, म्हणाले, 'तू बघ रे एकदा.' दुकानात पहिला पंखा भरला तो नानांच्याच घरचा. त्या दिवसापासून त्यांनी दुसरीकडे साधा होल्डरही घेतला नाही.

मी वायरीतला करंट मोजायचा क्लॅम्प मीटर घेऊन गेलो. 48 पंखे, प्रत्येकी 75 वॅट खाणारे. ट्यूब चोकसकट 50 वॅटची. 28 वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरीचे) पंखे लावले, तर नुसत्या पंख्यांवर सव्वादोन किलोवॅट लोड उतरला. ट्यूबच्या जागी 20 वॅटच्या एलईडी. मग सोलर 5 किलोवॅटमध्येच भागलं. लोड न उतरवता पॅनल चढवणं म्हणजे गळक्या माठात पाणी ओतणं. आणि जुनी वायरिंग मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावल्याशिवाय कधी चालू करू नका, कुणी कितीही घाई करो.

भिंती जिभाऊंनी केल्या. सत्तरी ओलांडलेला मिस्त्री, करणी झिजून पिंपळपानाएवढी झालेली. चुना महिनाभर हौदात मुरवला, विटांची सुरखी, म्हणजे भुकटी घातली. मी सिमेंटचं नाव काढलं तर म्हणाले, 'भाऊ, चुनाले चुनाच लागस.' कौलं परत चढली, झरोके जाळी लावून उघडले.

आणि बिल अडकलं. सात महिने. त्यातच नाना पदावरून गेले. नव्या मंडळींना आमच्या फायलीत रोज नवी त्रुटी सापडायची. घरची पोत गहाण पडली, दोन पोरं काम सोडून सुरतेला गेली. जिभाऊंनी मात्र मजुरीचा विषय काढला नाही. उलट येताना भाकरी आणि ठेचा जास्तीचा आणायचे.

अधेमधे एक सांगून ठेवतो: कपाशीच्या हंगामात सरकी काढणाऱ्या जिनिंगची धूळ पॅनलवर बसते. पंधरा दिवसांनी धुवा, पण सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी नको.

बिल निघालं, पोत सुटली. पण शाळेच्या दारातल्या फलकावर ठेकेदार म्हणून अजून पहिल्याचंच नाव आहे, आणि आता त्याच्या माहितीपत्रकात आमच्या झरोक्यांचा फोटो. आमची पाच टक्के अनामत काही सुटलेली नाही. परवा गेलो तर शिपाई म्हणाला, 'साहेब जेवायला गेलेत, बसा.' तासभर बसलो, आमच्याच पंख्याखाली.