लेकीसाठी मेटल डिटेक्टर निवडताना

गेल्या वर्षी लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला मी एका संकेतस्थळावरून नारिंगी रंगाचा, खेळण्यासारखा दिसणारा मेटल डिटेक्टर मागवला होता. कोथरूडच्या आमच्या गच्चीवर तो हवेत धरून समोरून चमचा नेला, की तो शहाण्यासारखा एकदाच वाजत असे. सासवडजवळ तिच्या मामाच्या शेतात मात्र जमिनीजवळ नेताच तो जो केकाटू लागला, तो थांबेचना. तिने खुरप्याने पाच खड्डे खणले, पाचही रिकामे निघाले, आणि सहाव्याच्या वेळी तिने मुकाट्याने खुरपे माझ्या हातात दिले.

यंत्र बिघडले असेल असे मला वाटले होते, पण त्याला आपली जमीनच धातूसारखी भासत होती. हे पडताळून पाहणे फार सोपे आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत एक चुंबक घालून तो कोरड्या मातीतून फिरवावा. पिशवीच्या तळाशी काळ्या बारीक कणांची मिशी उगवलेली दिसते. पुण्याच्या आसपासची माती बेसॉल्टपासून, म्हणजे आपल्या काळ्या कातळापासून, बनलेली आहे आणि त्या कातळात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. डिटेक्टरच्या कॉइलमधून, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या चकतीतल्या तारेच्या वेटोळ्यातून, बदलते चुंबकीय क्षेत्र बाहेर पडते, ते धातूच्या तुकड्यात क्षीण विद्युतप्रवाह निर्माण करते आणि त्या प्रवाहाची चाहूल कॉइलला परत लागते. पण मातीतले हे कणही त्याच क्षेत्राला प्रतिसाद देतात. जमिनीचा हा प्रतिसाद वजा करण्याच्या सोयीला ग्राउंड बॅलन्स म्हणतात, आणि स्वस्तातल्या खेळण्यात ती नसते.

त्यामुळे दुसऱ्या खेपेला खरेदीचा विचार करताना ‘किती खोलवरचे सापडेल’ हा प्रश्न मी बाजूला ठेवला. जाहिरातीत खोलीचे आकडे ठळक असतात, पण त्यामागचे गणित निर्दय आहे. लहान वस्तूच्या बाबतीत अंतर दुप्पट झाले, की परत येणारा संकेत साधारण 64 पटींनी क्षीण होतो. म्हणून नवशिक्याच्या यंत्राने नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीवर दाखवली, तरी आपल्या जमिनीत ते चांगलेच काम समजावे. शिवाय दहा वर्षांच्या मुलीला वीतभरापेक्षा खोल खणायला लावण्यात मला तरी काही गंमत दिसत नाही.

माझ्यापुढे मुख्यतः दोन यंत्रे होती. गॅरेटचे एस 200 हे साधे, सुमारे 1.2 किलो वजनाचे, चार पेन्सिल सेलवर चालणारे यंत्र आहे. बटणे मोजकी आहेत आणि मुलांना ते पाच मिनिटांत कळते. त्याचा ग्राउंड बॅलन्स कारखान्यातच ठरवून दिलेला असतो आणि तो आपल्याला बदलता येत नाही. नोक्टा या तुर्की कंपनीचे सिम्प्लेक्स प्लस 1.3 किलोचे, चार्ज करता येणारे आणि 3 मीटरपर्यंत पाण्यात चालणारे आहे. त्यात बटण दाबून धरायचे आणि कॉइल जमिनीवर चार-पाच वेळा खालीवर करायची, म्हणजे यंत्र त्या जागेची माती ओळखून घेते. त्याची 11 इंची कॉइल डबल-डी प्रकारची, म्हणजे इंग्रजी ‘डी’च्या आकाराची दोन वेटोळी एकमेकांवर किंचित चढवलेली, आहे. एसची कॉइल, एकात एक वर्तुळे असावीत तशा, कॉन्सेन्ट्रिक प्रकारची आहे. खनिजयुक्त जमिनीत डबल-डी कॉइल अधिक शांत राहते. सपाट हिरवळीच्या किंवा पांढऱ्या वाळूच्या प्रदेशात मी राहत असतो, तर बहुधा एस घेतले असते. पुरंदर तालुक्यातल्या मुरमाड जमिनीसाठी मी सिम्प्लेक्स घेतले आणि ठरवलेल्या रकमेपेक्षा बरेच जास्त पैसे मोजले, हेही इथेच कबूल करतो.

वजनाची परीक्षा मात्र मागणी नोंदवण्याआधी घ्यावी. एकूण वजनापेक्षा दांड्याच्या टोकाशी असलेले वजन मुलांच्या मनगटाला जाणवते. मी मॉपच्या दांडीच्या टोकाला अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली सुतळीने बांधली आणि लेकीला गच्चीवर ती डावीउजवीकडे, जमिनीपासून दोन बोटे वर, फिरवायला सांगितली. सात मिनिटांनी तिने दांडी कठड्याला टेकवली. त्यावरून दोन गोष्टी ठरल्या. दांडा आखूड होणारा आणि कोपराला आधार देणारा हवा, आणि पाळी सात मिनिटांची ठेवायची. मग एकाने फिरवायचे आणि दुसऱ्याने खणायचे. दोघांसाठी दोन यंत्रे घेण्याचा मोह याच हिशेबात संपला. वाचलेल्या पैशांतून पिनपॉइंटर घेतला. खड्ड्यातल्या ढेकळात वस्तू नेमकी कुठे आहे, हे दाखवणारी ही हातभर नव्हे, वीतभर लांबीची कांडी असते. खरे सांगायचे तर लेकीचा जीव मोठ्या यंत्रापेक्षा या कांडीवरच अधिक आहे. हेडफोनला आम्ही फाटा दिला, कारण एकाने कान झाकले की दुसरा नुसता प्रेक्षक होतो.

पुण्यातल्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, चौकशी केली, तेव्हा मॉलच्या दारात अंगावरून फिरवतात ते सुरक्षेचे दांडके मला आधी दाखवण्यात आले. ते या कामाचे नाही. दुकानात किंवा घरातल्या फरशीवर चाचणी घेण्यालाही अर्थ नसतो, कारण स्लॅबमध्ये लोखंडी सळया असतात आणि आजूबाजूच्या विजेच्या उपकरणांमुळेही यंत्र बडबडते.

यंत्र आल्यावर आम्ही आणखी एक चाचणी घेतली, आणि तिने मला चकवले. मातीवर ठेवलेले जुने, मोठे, तांबे-निकेलचे रुपयाचे नाणे यंत्राच्या पडद्यावर, धातू ओळखण्यासाठी उमटणारा, जवळपास तोच आकडा प्रत्येक वेळी दाखवी. आजचा रुपया मात्र कधी लोखंड म्हणून, तर कधी भलत्याच चांगल्या आकड्यावर वाजे. आजचा रुपया चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा असतो, हे लेकीने फ्रिजवरचे चुंबक आणून मला दाखवून दिले. लोखंड वगळण्याची, म्हणजे लोखंडावर यंत्र न वाजण्याची, सोय सरसकट चालू ठेवावी हा परदेशी सल्ला म्हणूनच आपल्याकडे जपून घ्यावा.

आता जागेविषयी. लेकीचे पहिले वाक्य होते, “बाबा, सिंहगडावर जाऊ या.” तिथे हे यंत्र न्यायचे नाही, हे मी तिला खरेदीआधीच सांगितले. सिंहगड काय, शिवनेरी किंवा लोहगड काय, ही संरक्षित स्मारके आहेत आणि तिथे परवानगीशिवाय खणणे हा गुन्हा आहे. 1878 चा निखात निधीविषयीचा कायदाही अजून लागू आहे. जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले, तर ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. दहा रुपयांचा हा आकडा ऐकून लेक हसली खरी, पण कायद्यात तो तसाच आहे. म्हणून ज्यांच्याकडे आधी शब्द टाकता येईल अशा ओळखीच्या माणसाची, गडाच्या किंवा जुन्या देवळाच्या आसपास नसलेली जमीन हाताशी नसेल, तर यंत्र घेण्याची घाई करू नये. खणलेला खड्डा बुजवायचा, हा नियम मामाने घातला होता आणि तो योग्यच होता.

पहिल्या दिवशी बांधालगत सोड्याच्या बाटलीची चार झाकणे, गंजलेल्या तारेचा तुकडा आणि बैलाच्या खुराची एक पत्री मिळाली. पत्रीची खिळ्यांची भोके मातीने बुजलेली होती. लेकीने ती काडीने एकेक करून मोकळी केली आणि मामाला विचारले की बैल विकून किती वर्षे झाली. मामाला नीट आठवेना, तो मामीला हाक मारायला गेला.

परवा त्याचाच फोन आला. नांगरताना ट्रॅक्टरची पिन शेतात कुठेतरी पडली होती आणि ‘ते यंत्र’ घेऊन आम्ही रविवारी यावे असे त्याचे म्हणणे होते. फोन स्पीकरवर होता. मी होकार देत असतानाच लेक मध्ये बोलली, “बाबा, पण लोखंड वगळायचं बंद करावं लागेल हं, नाहीतर पिन वाजणारच नाही.”