‘ओली छत्री ठेवली असेल, मॅडम’: गाडीत शिरणाऱ्या पाण्याचा माझा अनुभव

आधी एवढं सांगून टाकते. गाडीत पाणी येतंय म्हणून सर्व्हिस सेंटरला गेलात आणि समोरच्याने मॅटसुद्धा न उचलता ‘एसीचं पाणी असेल’ म्हटलं, तर त्याला एकच विचारा: गाडी रात्रभर बंद होती, एसी लावलाच नव्हता, मग पाणी आलं कुठून? मी विचारलं होतं. उत्तर मिळालं, “ओली छत्री ठेवली असेल, मॅडम.”

आम्ही सावंतवाडीचे. पावसाळ्यात आमच्या गाडीत छत्री असणारच. पण छत्रीच्या निथळण्याने कार्पेटखालचा फोम असा भिजत नाही, की हाताने दाबला तर पाणी वर यावं. डावीकडे, पुढे बसणाऱ्याच्या पायाशी हे तळं. वरच्या रबरी मॅटवरून काही कळत नाही, त्यामुळे जूनपासून नुसता कुबट वास येत होता आणि घरातले एकमेकांच्या बुटांवर संशय घेत होते. ज्यांनी कार्पेटवर चिकटवलेलं लॅमिनेशन करून घेतलंय त्यांनी तर कोपऱ्यातून हात आत घालूनच बघावं.

गाडी एक दिवस ठेवून घेतली. संध्याकाळी बिलावर तीन गोष्टी: एसीचा ड्रेन साफ केला, केबिन फिल्टर बदलला, पाण्याची टेस्ट ओके. फिल्टर का बदलला? “ओला होता.”

इथे माझं डोकं सटकलं. केबिन फिल्टर ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो आणि हवा त्यातून गाळून मग एसीच्या थंड कॉइलवर जाते. एसीचं पाणी त्या कॉइलवर जमतं आणि खालच्या नळीतून रस्त्यावर ठिबकतं. ती नळी तुंबली तर पाणी पायाशी येतं हे खरं, पण ते एसी चालल्यावर, मग बाहेर कडक ऊन का असेना. आधीच्या टप्प्यावरचा फिल्टर त्याने भिजायचं कारण नाही. म्हणजे पाणी बाहेरून, हवा येते त्याच वाटेने येत होतं. पुरावा त्यांच्या हातात होता. त्यांनी तो टाकून दिला, नवा घातला आणि पैसे लावले.

पुढच्या पावसात पुन्हा तळं. पुन्हा गेले. पुन्हा वॉशिंगच्या रॅम्पवर पाणी मारलं, पुन्हा आत कोरडं. “आमच्याकडे लीकेज दिसतच नाही, मॅडम. मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो.” मिस्टरांना बॉनेट कुठून उघडतं ते मी दाखवते, पण असो. सुपरवायझरने पुढची काच बदलावी लागेल असं सुचवलं. का, ते सांगता येईना. मी त्यांना एक गोष्ट परत परत सांगत होते: आंबोलीचा घाट भर पावसात उतरले तेव्हा गाडी आतून कोरडी होती. आंबोलीत वर्षाला ७००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, तिथे काच गळली नाही आणि घरी उभ्या गाडीत पाणी भरतं. हे कुणी जॉब कार्डवर लिहूनही घेतलं नाही.

शेवटी गावातल्या जुन्या गॅरेजवाल्याकडे गेले. त्याने गाडीला हात लावायच्या आधी विचारलं, “रात्री गाडी खंय लावतास? जागा सपाट आसा?”

सपाट नाही. आमच्या घराशेजारी जांभ्याचा उतार आहे, गाडी डावीकडे कलून उभी राहते. आणि वर ओवळाचं, म्हणजे बकुळीचं झाड.

वायपरखाली जे काळं जाळीचं प्लास्टिक असतं, त्याच्या खाली पन्हळ असते. काचेवरचं पाणी तिथे जमून दोन्ही टोकांच्या भोकांतून खाली जातं. आमचं डावं भोक पानं आणि ओवळाच्या कुजलेल्या फुलांनी गच्च बसलं होतं. सपाट रॅम्पवर उजव्या भोकाने निभावलं. घरी पाणी डावीकडे साचायचं, चढायचं आणि ब्लोअरच्या हवेच्या तोंडातून आत. वायपर काढले, प्लास्टिक उचललं, दोन्ही हातांनी गाळ उपसला, पाणी सोडून बघितलं. ५०० रुपये घेतले. (वायपर काढण्यापूर्वी काचेवर त्यांच्या जागी चिकटपट्टी लावा, नाहीतर परत बसवताना अंदाज चुकतो.)

तुमच्याकडे झाड आणि उतार नसेल तर दुसऱ्या वाटा बघा. दारात स्पीकर बसवून घेतला असेल तर आतला प्लास्टिकचा पडदा फाटलेला असू शकतो. दारात पाणी शिरतंच, ते खालच्या भोकांतून जायचं असतं. पडदा फाटला किंवा भोकं चिखलाने बुजली की ते आत येतं. सनरूफच्या नळ्या पानांनी तुंबतात. त्यात जोराची हवा मारू देऊ नका, आतला जोड निखळतो. डिकीत स्टेपनीच्या खळग्यात पाणी असेल तर मागच्या दिव्यांचे गॅस्केट (भोवतीचं रबर) तपासा. पाणी चिकट, गोडसर वासाचं आणि कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी उतरलेली, तर हीटरची कॉइल गळतेय. तिथे पावसाला दोष देऊ नका.

शोधताना सगळं पुसून आत वर्तमानपत्र पसरायचं, एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं आणि दुसऱ्याने पाइपचं साधं पाणी खालून सुरू करून हळूहळू वर न्यायचं. वरून सुरू केलं तर सगळीकडूनच ओघळ येतो आणि काहीच कळत नाही. आणि गाडी घरी उभी असते तशीच कललेली ठेवा.

गळती बंद झाली म्हणजे काम संपलं नाही. खालचा फोम जुलैत इथे वाळत नाही. सीट काढून कार्पेट बाहेर आणावं लागलं, खोलीत पंखा लावून ठेवलं. सीटखालच्या एअरबॅगच्या वायरचे पिवळे कनेक्टर बॅटरी न काढता सोडू नका. पायाशी डावीकडे फ्यूजबॉक्स असेल तर तोही उघडून बघा, हिरवट गंज चढलेला असू शकतो.

नंतर कस्टमर केअरचा फोन आला. त्यांच्या कॉम्प्युटरवर माझी तक्रार ‘क्लोज्ड’ दिसते, म्हणून सर्व्हिसला दहापैकी किती मार्क देणार असं विचारत होते. फिल्टर आणि एसी ड्रेनचे पैसे परत मिळावेत म्हणून मी लेखी अर्ज दिला आहे. पोच मिळाली, पैसे नाहीत.